अलीकडचे प्रोजेक्ट, वरच्या पट्टीतच

लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर, वरच्या पट्टीत व्हीएस कोड या एडिटरमधले अलीकडचे प्रोजेक्ट दाखवणारी छोटी एक्स्टेन्शन्स मिळतात. प्रोजेक्टच्या नावावर क्लिक केलं की त्याचा फोल्डर एडिटरमध्ये उघडतो. यात जादू काही नाही. व्हीएस कोड उघडलेल्या फोल्डरांची नोंद होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात ठेवतो. एक्स्टेन्शन त्या नोंदी वाचतं. त्यामुळे प्रोजेक्ट दुसरीकडे हलवला, तर यादीतलं जुनं नाव दगा देतं. एडिटर फ्लॅटपॅक या पॅकेज पद्धतीने बसवला असेल, तर नोंदी भलतीकडेच असतात आणि यादी रिकामी दिसू शकते. शिवाय ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, तेव्हा एक्स्टेन्शन बंद पडण्याची धास्ती असतेच. दिवसभर एकाच प्रोजेक्टवर काम करणाऱ्याने या भानगडीत पडू नये. एडिटरमध्ये कंट्रोल आणि आर दाबलं तरी अलीकडची यादी समोर येते.