शरदकालीन पक्षी-स्थलांतर आणि सामूहिक निरीक्षण : नांदूर मध्यमेश्वर जलाशयाच्या संदर्भात

प्रस्तावना :
पावसाळा सरला की मध्य व उत्तर आशियातील पक्षी भारतीय उपखंडातील पाणथळ जागांकडे येऊ लागतात. या काळात अनेक महाविद्यालये विद्यार्थ्यांसह पक्षीनिरीक्षण सहली आयोजित करतात. अशा सहलीतून मिळणारा आनंद निर्विवाद आहे. परंतु तिचे रूपांतर ज्ञानात केव्हा होते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थलपरिचय :
नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधण्यात आला. नद्यांनी आणलेल्या गाळामुळे त्याची साठवणक्षमता घटली. मात्र त्याच गाळातून उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती निर्माण झाल्या. सिंचनाच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने आधार ठरला. १९८६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

आगमनाचा क्रम :
सर्व पाहुणे एकाच वेळी येत नाहीत. तुतारीवर्गीय चिखलपक्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच दिसू लागतात. त्यामागून धोबी येतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांची संख्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वाढत जाते. म्हणून एकाच जलाशयाला पंधरा दिवसांच्या अंतराने दिलेल्या दोन भेटींत भिन्न चित्र दिसते. शिवाय वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे पातळी वाढल्यास चिखलपट्टा बुडतो व चिखलपक्षी अन्यत्र सरकतात. नोंदवहीत पाण्याची स्थिती लिहिली नसेल, तर पक्षी घटले की केवळ हलले, हे नंतर सांगता येत नाही.

गटाची कार्यपद्धती :
आठ-दहा जणांच्या गटात कामाची विभागणी आवश्यक असते. एकाने दुर्बिणीतून ओळख सांगावी, दुसऱ्याने मोजावे, तिसऱ्याने लिहावे. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडल्यास रंग स्पष्ट दिसतात. मोठा थवा असल्यास प्रथम दहा पक्षी मोजून तेवढा भाग नजरेत धरावा व त्या मापाने उरलेल्या थव्याचा अंदाज घ्यावा. दोघांनी स्वतंत्रपणे मोजल्यास अंदाजातील चूक लक्षात येते.

शरदात ओळखीची अडचण अधिक असते, कारण अनेक पक्ष्यांचा विणीच्या हंगामातील पिसारा उतरलेला असतो व थव्यात त्याच वर्षी जन्मलेली पिलेही असतात. हिरवी तुतारी व ठिपकेवाली तुतारी यांत नवशिक्याचा गोंधळ होतो. उडताना पंखाखालची बाजू गडद दिसल्यास पहिली, फिकट दिसल्यास दुसरी, असा भेद करता येतो. तो दिसला नाही तर ‘तुतारी, जाती अनिश्चित’ अशी नोंद करावी. बहुमताने ओळख ठरवू नये. मराठी नावे प्रदेशानुसार बदलत असल्याने शास्त्रीय नावही लिहावे.

नोंदीचे मोल :
‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींत घट आढळली. हा निष्कर्ष हजारो हौशी निरीक्षकांच्या याद्यांवर आधारलेला आहे. सहलीत मात्र बहुधा दुर्मिळ पक्ष्याचे छायाचित्र मिळवण्याकडे ओढा असतो आणि वारकरी, शेकाट्या यांसारखे नेहमीचे पक्षी नोंदीतून निसटतात. जो पक्षी कोणी मोजला नाही, तो कमी झाल्याचेही कोणाला कळत नाही.

निष्कर्ष :
सहलीचे यश दिसलेल्या जातींच्या संख्येवर मोजणे अपुरे आहे. दिनांक, वेळ, कालावधी, पाण्याची स्थिती, सर्व जातींची संख्या व न ओळखलेल्या पक्ष्यांची प्रामाणिक नोंद या बाबी दरवर्षी त्याच ठिकाणी जपल्या गेल्यास महाविद्यालयाची साधी नोंदवहीदेखील त्या जलाशयाच्या इतिहासाचे साधन ठरते. त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा सातत्याची अधिक गरज आहे.