अकादमी बियाणे मंजूर करत नाही

राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी म्हणजे बियाण्यांना परवानगी देणारे सरकारी खाते, असा समज नायगावसारख्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सहज होतो. नावच तसे भारदस्त आहे. प्रत्यक्षात १९९० साली दिल्लीत स्थापन झालेली ही विद्वत्सभा (शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांमधून निवडलेल्यांची संस्था) आहे. बांधाच्या वादात पारावरची जाणती मंडळी सल्ला देतात, फेरफार मात्र तलाठीच नोंदवतो, तसेच हे. अकादमी चर्चा घडवते, धोरणांवर टिपणे काढते; वाण काढणे किंवा मंजूर करणे तिचे काम नाही. ‘नांदेड ४४’ हा संकरित कापूस आला तो नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून. बीटी (जनुकीय बदल केलेल्या) कापसाची मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची समिती पाहते. बियाणे उगवले नाही, तर तक्रार अकादमीकडे नव्हे, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावी. पावती आणि पिशवीवरचे लेबल तेवढे जपून ठेवा.