अर्जातली दहा नावं

१९६४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला जायचं, तर आधी एक अर्ज भरावा लागे. कॉलेज कोणतं, कोणत्या संघटनांत काम केलंय, का यायचंय, असे प्रश्न त्यात होते. शिवाय, तुमच्या कामाची खबर ज्यांना कळावी असं तुम्हाला वाटतं अशा किमान दहा जणांची नावं द्यायची होती. अर्ज करणारे बहुतेक उत्तरेकडच्या कॉलेजांतले गोरे विद्यार्थी. मानधन काही नाही. राहण्या-खाण्याचा खर्च स्वतःचा, अटक झाली तर जामिनाचे पैसेही स्वतःचेच. मिसिसिपीत तेव्हा मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी सात जणांचंही नाव यादीत नव्हतं. ते नोंदवायला जाणाऱ्याची नोकरी जाई, प्रसंगी जीवही. त्या जूनमध्येच तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला.

पुढे वीसेक वर्षांनी डग मॅकअ‍ॅडम या समाजशास्त्रज्ञाने हे अर्ज अभ्यासले. निवड झालेल्यांपैकी ७२० जण गेले होते, २३९ जणांनी माघार घेतली होती. जे गेले त्यांची तळमळ जास्त असेल, असं कुणालाही वाटेल. अर्जांतून तसं दिसलं नाही. घरी राहिलेल्यांनीही तितक्याच पोटतिडकीने लिहिलं होतं. फरक होता तो संघटनांच्या संख्येत आणि त्या दहा नावांत. गेलेल्यांच्या यादीत सोबत निघालेल्या जिवलगांची नावं जास्त सापडली.

मला हा शोध फार मोलाचा वाटतो. लोक रस्त्यावर उतरले की आपण त्यांचा राग मोजत बसतो; राग तर घरी बसलेल्यांनाही असतो. 'माझ्या एकट्याच्या जाण्याने काय होणार? यश मिळालंच तर फायदा मलाही मिळेल,' हा हिशेब अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली मांडला, आणि कागदावर तो बिनचूक आहे. पण माणूस हा हिशेब एकटा बसून करत नाही. मैत्रीण निघाली असेल, तर 'का जातेस?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'का येत नाहीस?' याचं उत्तर द्यावं लागतं. वारीची परंपरा असलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको.

मार्टिन व्हॅन झोमेरेन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. अन्यायाची चीड, एकत्र आलो तर काही घडेल हा भरवसा आणि 'आपण' ही जाणीव, या तिन्हींचा सहभागाशी संबंध दिसला. त्यांच्या मांडणीत 'आपण' ही जाणीव उरलेल्या दोन्हींनाही बळ देते. माझ्यावरचा अन्याय मी नशिबावर ढकलू शकतो, आपल्यावरचा अन्याय तसा ढकलता येत नाही.

मार्च २०१८चा नाशिक ते मुंबई शेतकरी मोर्चा आठवा. सुमारे १८० किलोमीटरची चाल. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. वनहक्क कायदा २००६चा, तरी कसत असलेली जमीन नावावर झालेली नव्हती. ती तक्रार जुनीच, एकेकट्याने तहसिलीत खेटे घालून झिजलेली. आता सगळे मिळून निघाले होते. डोक्यावर लाल टोप्या, सोबत तांदूळ आणि सरपण. ऊन इतकं की डांबर तापलेलं. तळव्यांची सालं निघालेल्या पायांचे फोटो देशभर छापून आले.

११ मार्चला हा मोर्चा सायनच्या सोमय्या मैदानात पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला तर मुलं वाटेत अडकतील म्हणून, दिवसभर चाललेली ही माणसं रात्रीच पुन्हा उठली आणि दक्षिण मुंबईच्या दिशेने चालू लागली. 'आपण' या शब्दात त्या रात्री शहरातली अनोळखी पोरंही आली होती. मुंबईकरांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली, चपला दिल्या. मुलं पेपरला निघाली तेव्हा रस्ते मोकळे होते आणि मोर्चा आझाद मैदानात बसला होता.