दहा मीटरचा खांब आणि ऐंशी मीटरचा बँड

दिवाळीच्या सुट्टीत माझा पुतण्या आमच्याकडे जामुलला आला होता. आपल्याच शाळेत नववीत आहे. परसात मी ॲल्युमिनियमचा 10 मीटर उंच खांब उभा केलेला त्याने पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, याने कुठपर्यंत बोलता?" खरे उत्तर द्यायला मला लाज वाटली. हौशी रेडिओच्या 80 मीटर बँडवर, म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, मी संध्याकाळी जपानची स्टेशने मोर्समध्ये स्पष्ट ऐकत होतो. मी हाक मारली की मात्र त्यांच्यापैकी कोणीच उत्तर देत नव्हते. एक अख्खा हिवाळा असा गेला होता. गंमत म्हणजे मीटरचा काटा म्हणत होता की सगळे ठाकठीक आहे.

हा काटा एस.डब्ल्यू.आर. दाखवतो. ट्रान्समीटर आणि केबल 50 ओहमच्या हिशेबाने बनवलेले असतात. अँटेनाही तेवढाच रोध दाखवत असेल तर पाठवलेली शक्ती परत फिरत नाही आणि काटा 1 वर राहतो. त्यालाच मॅच होणे म्हणतात. माझा काटा 1 ला चिकटलेला होता.

आता खांबाकडे या. 3.55 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 84 मीटर. उभा अँटेना तिच्या पाव भागाइतका, म्हणजे 21 मीटर उंच असावा लागतो. सात मजली इमारतीएवढी ही उंची घराच्या परसात कोण उभी करणार? माझा खांब निम्म्याहून कमी आहे. असा आखूड खांब कपॅसिटरसारखा वागतो. माझ्या हिशेबाने त्याची रिॲक्टन्स 400 ओहमच्या आसपास येते. ती रद्द करायला पायथ्याशी तेवढ्याच रिॲक्टन्सची कॉईल एकसर जोडावी लागते. 75 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर 10 सेंटिमीटर लांबीत 21 वेटोळी घेतली की सुमारे 18 मायक्रोहेन्री मिळतात, तेवढे पुरते.

कॉईल जोडल्यावर उरतो तो नुसता रोध. कॅडेट मित्रांनो, सगळी मेख इथेच आहे. हा रोध तीन जणांचा मिळून बनतो. पहिला प्रारण रोध. त्याच्या वाट्याची शक्ती लहरी होऊन आकाशात जाते. आखूड खांबात तो फक्त 6 ओहमच्या आसपास असतो. दुसरा कॉईलच्या तारेचा, धरा 2 ओहम. तिसरा जमिनीचा. खांबात चढणारा प्रवाह जमिनीतून परत येतो, आणि माती काही तांबे नव्हे. 100 वॅटचा शिधा या तिघांत त्यांच्या रोधाच्या प्रमाणात वाटला जातो.

माझ्याकडे खांबाच्या पायथ्यापासून चार दिशांना जमिनीवर अंथरलेल्या चारच तारा होत्या. यांना रेडियल म्हणतात. बेरीज येत होती जवळपास 50. म्हणून काटा खूश! पण त्यातले 42 मातीचे होते. 100 वॅटमधले जेमतेम 12 वॅट आकाशात जात होते आणि उरलेल्यांनी मी परसातली माती आणि कॉईल तापवत होतो. ऐकू मात्र छान येत होते, कारण या बँडवर वातावरणाचा खरखराट एवढा असतो की अँटेना सिग्नल आणि खरखर दोन्ही सारखीच कमी करतो. त्यांचे प्रमाण बदलत नाही. त्यामुळे चांगले ऐकणारा अँटेना चांगला पाठवेलच असे नाही.

जमिनीत एक लांब सळई ठोकून काम भागेल असे पुष्कळांना वाटते. भागत नाही. शिवाय आमच्या जामुलमध्ये खालीच चुनखडीचा दगड, त्यावरच इथला सिमेंटचा कारखाना उभा आहे; माझी कुदळ दोन वितींवरच खणकन वाजली. तारा वरच्यावर अंथरणे हाच उपाय. ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या तिघांनी 1937 मध्ये अमेरिकेत तारांची संख्या बदलत बदलत मोजमापे प्रसिद्ध केली. मध्यम लहरींच्या प्रक्षेपण मनोऱ्यांखाली पुढे 120 तारा पुरण्याचा जो प्रघात पडला तो त्या कामामुळे.

120 तारा आणणार कुठून? कबाड्याकडून घरांच्या वायरिंगची जुनी वायर आणली. पुतण्याने तिचे 10 मीटरचे तुकडे केले आणि जाड तारेच्या यू आकाराच्या खिळ्यांनी एकेक तुकडा जमिनीशी घट्ट दाबून बसवला. (पहिल्या वर्षी मी खिळे मारले नव्हते. शेजारची गाय दोन रेडियल पायात घेऊन रस्त्यापर्यंत गेली होती.) दर टप्प्याला मी ॲनालायझर लावून आकडा सांगायचो आणि तो वहीत लिहायचा. 8 तारांवर 32 ओहम. 16 वर 22. 24 वर 18. एस.डब्ल्यू.आर. मात्र 1 वरून चढत चढत 2.8 झाला.

"काका, मॅच तर बिघडत चाललाय, आणि तुम्ही हसताय?"

हसत होतो, कारण जमिनीचा वाटा 42 वरून 10 ओहमवर आला होता. आता 18 पैकी 6, म्हणजे 100 पैकी 33 वॅट आकाशात. पावणेतीन पट!

राहिले 18 ओहमचे 50 करणे, आणि ते सर्वांत सोपे निघाले. मोठ्या कॉईलचे एक वेटोळे कमी केले. त्यामुळे खांबाची सुमारे 24 ओहम कपॅसिटिव्ह रिॲक्टन्स मुद्दाम शिल्लक राहिली. मग पायथ्याशी, केबलची मधली तार आणि रेडियलचा जोड यांच्यामध्ये, एक छोटी कॉईल समांतर जोडली. तिची रिॲक्टन्स 37.5 ओहम हवी. 50 मिलिमीटरच्या पाइपवर 5 सेंटिमीटरमध्ये 7 वेटोळी, पावणेदोन मायक्रोहेन्रीच्या आत. दोन्ही मिळून केबलला 50 ओहम दिसतात. वेटोळी किंचित ताणून-दाबून काटा पुन्हा 1 वर आणला. हेच काम घरात ट्रान्समीटरशेजारी ट्यूनर ठेवूनही होते, पण मग केबलमधला जास्तीचा तोटा तसाच राहतो. माझे मत विचाराल तर मॅच पायथ्याशीच करावा.

एक ताकीद. प्रक्षेपण चालू असताना मोठ्या कॉईलच्या दोन टोकांत जवळपास 900 व्होल्ट असतात. तिथे हात लावू नये. आम्ही बांबूचे कुंपण घातले आहे, आणि पावसाळ्यात वीज कडाडू लागण्याच्या आधीच केबल काढून ठेवतो. परवान्याशिवाय प्रक्षेपण करायचे नाही हे वेगळे सांगायला नको. बारा वर्षे पूर्ण झालेल्याला परीक्षेला बसता येते, तेव्हा पुतण्याला सबब उरलेली नाही.

पालक विचारतील, मोबाइलच्या दिवसांत हा खटाटोप कशाला? डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांचा हौशी रेडिओचा गट पोर्ट ब्लेअरला गेला होता, निव्वळ हौसेने. 26 तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले, आणि त्याच गटाने अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोचवले. जामुलपासून पोर्ट ब्लेअर सुमारे 1600 किलोमीटर आहे. तसा प्रसंग आला असता तर माझा जुना खांब त्यांचे सगळे ऐकत बसला असता.

नागपूरच्या मित्रांसाठी मात्र हा खांब उपयोगाचा नाही. तो लहरी क्षितिजालगत फेकतो आणि अडीचशे किलोमीटरसाठी त्या जवळपास सरळ वर जाऊन परत यायला हव्यात. त्यासाठी घरावर सखल बांधलेली आडवी तारच बरी. 40 मीटर बँडवर हाच खांब जवळपास पाव तरंगलांबीचा होतो. तेव्हा दोन्ही कॉईल बाजूला काढून केबल थेट खांबाला जोडायची.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेले असताना, मी जपानच्या एका स्टेशनला हाक मारली. दुसऱ्या हाकेला माझे कॉलसाइन परत आले. त्यातले शेवटचे अक्षर त्याने चुकीचे घेतले होते. ते दुरुस्त करून पाठवले, ते पुतण्याने ऐकून वहीत लिहिले.