चुन्याचा कण पुरता का वापरला जात नाही?

मागच्या वेळी आपण ओली पद्धत पाहिली. आज कोरडी. इथे पाणी नाही, धुण्याचा मनोरा नाही. चुनखडीची बारीक भुकटी थेट बॉयलरच्या तप्त वायूत फुंकायची आणि सल्फर डायऑक्साइड पकडायचा. उभारणीचा खर्च कमी. मग सगळीकडे हीच का नाही? उत्तर एका कणाच्या हिशेबात सापडतं.

बॉयलरच्या उष्णतेत चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो. एक मोल चुनखडी ३६.९ घनसेंटिमीटर जागा व्यापते, चुना फक्त १६.९. कणाचा बाहेरचा आकार तोच राहिला असं धरू. म्हणजे आत २० घनसेंटिमीटर पोकळी झाली. त्या छिद्रांतून सल्फर डायऑक्साइड आत शिरतो, ऑक्सिजनच्या साथीने चुन्याशी जोडला जातो आणि कॅल्शियम सल्फेट तयार होतं.

गोची इथेच आहे. एक मोल सल्फेटला ४६ घनसेंटिमीटर लागतात, म्हणजे चुन्यापेक्षा २९.१ जास्त. आपल्याकडे मोकळी जागा २०. भागाकार करा: ०.६९. सगळी छिद्रं काठोकाठ भरली, तरी ६९ टक्केच चुना कामी येणार!

प्रत्यक्षात तेवढाही येत नाही. सल्फेट आधी छिद्रांच्या तोंडाशी साचतं, तोंडं बुजतात आणि आतला चुना कोराच राहतो. शिवाय तापमान फार चढलं की चुन्याचे सूक्ष्म दाणे एकमेकांना चिकटून छिद्रं मिटतात. आणि या सगळ्याला वेळ मिळतो जेमतेम एक-दोन सेकंद.

म्हणून प्रारूप निवडताना जपावं लागतं. आक्रसत्या गाभ्याचं साधं प्रारूप कण भरीव मानतं. छिद्रं बुजणं त्याला दिसतच नाही. भाटिया आणि पर्लमटर यांनी १९८०मध्ये मांडलेलं यादृच्छिक छिद्रांचं प्रारूप छिद्रांची रचना आणि बदलतं पृष्ठफळ हिशेबात धरतं.

याचा व्यवहारात अर्थ काय? सल्फर कमी होत नाही म्हणून नुसती भुकटी दुप्पट केली, तर वायू थोडा आणखी स्वच्छ होईल. पण न वापरलेला चुना राखेत जाईल, आणि ती राख कुठेतरी टाकावीच लागेल. त्याआधी आपण तीन प्रश्न विचारू: कण किती बारीक आहे, भुकटी कोणत्या तापमानाला सोडतोय आणि ती वायूत नीट मिसळतेय का?