दर दोन तासांनी

अरुणा शानभाग हे नाव मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या तरुण परिचारिकेवर हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि 18 मे 2015 पर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी दयामरण मागणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी दिलेला निकाल गाजला. त्या प्रकरणात एक वैद्यकीय बाब पुढे आली होती. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही, पण मला ती सगळ्या कायदेशीर चर्चेहून मोठी वाटते. इतक्या वर्षांत अरुणाताईंना एकदाही बेडसोअर झाला नव्हता.

ज्यांच्या घरी अंथरुणावर पडून असलेलं माणूस आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. माकडहाड, टाचा, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या जवळ असतं तिथे शरीराचंच वजन बारीक रक्तवाहिन्या दाबून टाकतं. रक्त पोहोचेनासं झालं की आधी लाली येते, मग कातडी सोलते, आणि दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते. उपाय ऐकायला साधा आहे. रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, कातडी कोरडी ठेवायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, पोटात पुरेशी प्रथिनं जातील हे पाहायचं. केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी हे रात्रपाळीतही केलं आणि सणावारीही. आपण त्याला सेवा म्हणतो, माया म्हणतो. ती होतीच. पण नुसत्या मायेने हे साधत नाही. घरोघरी जीव लावणारी माणसं असतात, आणि तिथेही बेडसोअर होतात.

हे शिकावं लागतं. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी ‘नर्सिंग फाउंडेशन’ हा विषय असतो, त्यात बेड मेकिंग येतं. बारावीला जीवशास्त्रात चांगले गुण मिळवून आलेली मुलगी चादरीचे कोपरे दुमडायला शिकते तेव्हा घरच्यांना वाटतं, यासाठी का चार वर्षं घालवायची? पण तिच्या हातात त्याच सुमारास ब्रेडन स्केलही येतो. संवेदना, ओलावा, हालचाल, कूस बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा अंगांनी रुग्ण पाहायचा, गुण द्यायचे, बेरीज करायची. 23 म्हणजे धोका नाहीसा, 6 म्हणजे सर्वांत जास्त. समोर झोपलेल्या आजोबांना बेडसोअर होण्याआधीच तो कुठे होईल हे ती सांगू शकते. रुग्णाची पाहणी, नर्सिंग निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन ही साखळी तिला प्रत्येक केअर प्लॅनमध्ये पुन्हा पुन्हा लिहावी लागते. डॉक्टर आजाराचं निदान करतात. त्या आजाराने या माणसाचं खाणं, झोप, श्वास, भीती यांचं काय झालंय, हे ओळखणं परिचारिकेचं काम. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्येच लिहून ठेवलं होतं, की रुग्णाला बेडसोअर झाला तर दोष बहुधा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो.

आपल्याकडे या शिक्षणाची वाट सोपी नव्हती. मुंबईत कामा रुग्णालय 1886 मध्ये सुरू झालं, आणि नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचं नाव 1891 सालाबरोबर दिलेलं असतं. परक्याच्या अंगाला, मलमूत्राला हात लावायचा, जातपात न पाहता लावायचा, आणि रात्री घराबाहेर राहायचं. पांढरपेशा घरांना यातलं काहीच मानवणारं नव्हतं. म्हणून रमाबाई रानडे यांचं काम मला फार धाडसाचं वाटतं. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं, आणि त्यातून विधवा व गरजू स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. त्यांच्यासाठी वसतिगृहाची सोय झाली. जिच्या सावलीचाही अपशकुन मानत त्या बाईच्या हाती रुग्णाची नाडी देणं, ही त्या काळात साधी सुधारणा नव्हती.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगता येईल. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा 1935 मध्ये झाला. दिल्ली आणि वेल्लोर इथे 1946 मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आला. त्याच वर्षी भोर समितीने देशात सुमारे 7,000 परिचारिका, म्हणजे 43,000 लोकांमागे एक, असं चित्र मांडलं आणि 500 लोकांमागे एक हे लक्ष्य ठेवलं. 1947 मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. त्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने 2023 मध्ये केला. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं नर्सिंग महाविद्यालय 1964 पासून आहे.

आज महाराष्ट्रात ‘रजिस्टर्ड नर्स’ होण्याच्या मुख्य वाटा दोन. तीन वर्षांची जीएनएम पदविका, किंवा चार वर्षांची बी.एस्सी. पदवी, जिची परीक्षा बहुतेक ठिकाणी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. पदवीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, वय किमान 17, आणि मुलगेही येतात. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. 2021 च्या नव्या अभ्यासक्रमाने आठ सत्रं आणली. शरीररचना आणि मानसशास्त्रापासून औषधशास्त्र, बालआरोग्य, मनोरुग्ण शुश्रूषा, प्रसूतिशास्त्र, संशोधन इथपर्यंत, आणि शेवटचं सत्र इंटर्नशिपचं. वर्गातली हजेरी 80 टक्के चालते. वॉर्डातली मात्र पदवी हाती पडण्याआधी 100 टक्के भरून द्यावी लागते. आजारी पडलात, ड्युटी बुडाली, तर नंतर करून द्या.

या नियमात सगळं शिक्षण आलं असं मी म्हणेन. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच मुद्दे वहीत पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. सकाळी आठच्या राउंडची गडबड, बाजूच्या खाटेवर उलटी, नातेवाइकांची हाक, आणि एकाच वॉर्डात एकाच आडनावाचे दोन रुग्ण, अशा वेळी ते पाच मुद्दे हातून सुटू न देणं वॉर्डातच अंगी बाणतं. त्यासाठी शेजारी इन्चार्ज सिस्टर किंवा ट्यूटर उभी असावी लागते. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला मुली वस्तीत जातात, वाटून दिलेल्या कुटुंबांना भेटतात. कुणाच्या ओट्यावर कागद अंथरून त्यावर बॅग ठेवायची, आधी हात धुवायचे, मगच बॅगेत हात घालायचा. खेड्यातून आलेल्या मुलीला हे घर परकं नसतं. परकं असतं ते पुस्तकातलं इंग्रजी, कारण शिक्षण आणि परीक्षा इंग्रजीत. पहिल्या सत्रात अनेक हुशार मुली इथेच खचतात, आणि महाविद्यालयाने त्यांना हात दिला नाही तर त्या गळतात. मला या गळतीचं सर्वांत जास्त दुःख होतं.

या शिक्षणाने खरंच जीव वाचतात का? 2014 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. युरोपातले नऊ देश, 300 रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून जास्त रुग्ण. पदवीधर परिचारिकांचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं तिथे 30 दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी दिसली. आणि एका परिचारिकेवर एक रुग्ण जास्त पडला की ती तितकीच वाढलेली दिसली. हा दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त बोचरा आहे. आपलं मानक असं सांगतं, की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेला एक परिचारिका हवी. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री उभं राहून खाटा मोजाव्यात आणि सिस्टर मोजाव्यात. दर दोन तासांनी चाळीस रुग्णांची कूस बदलणं दोन माणसांना शक्य नाही, मग त्यांनी कितीही चांगलं शिक्षण घेतलेलं असो.

ही तूट अनेकदा विद्यार्थिनींनी भरून काढली जाते. शिकायला आलेली मुलगी ट्रॉली ढकलते, नमुने पोहोचवते, आणि तिची शिकण्याची सकाळ संपते. याउलट, जिथे महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा कागदावरच भरलेल्या असतात, तिथे ती पुतळ्यावरच इंजेक्शन शिकते. दोन्हीकडे नुकसान शेवटी रुग्णाचं. पुढे पगाराचाही प्रश्न आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधल्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही महिना किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. अनेक छोट्या दवाखान्यांत आजही तेवढे मिळत नाहीत.

यंदा ज्यांच्या घरातली मुलगी किंवा मुलगा नर्सिंगचा फॉर्म भरणार आहे, त्यांनी इमारत आणि गणवेश पाहून परत येऊ नये. महाविद्यालयाचं स्वतःचं रुग्णालय आहे का, किती खाटांचं, आणि त्यांतल्या किती खाटांवर आज रुग्ण आहेत, हे विचारावं. वॉर्डात ट्यूटर सोबत जाते की मुलींना नुसतं पाठवून देतात? प्रसूतीच्या केसेस कुठे मिळतात, मनोरुग्णांच्या पोस्टिंगला कुठे नेतात, बस कोण देतं? मान्यतेचं पत्र या वर्षीचं आहे का, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवतात का, याची लेखी उत्तरं घ्यावीत. आणि शक्य झालं तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारावं, की गेल्या आठवड्यात तिने किती रुग्णांची कूस स्वतः बदलली आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं.