खर्जाचा आवाज कोठें हरवतो?

आपल्या शाळेच्या वाद्यवृंदांत बास गिटार हें वाद्य आलें, त्यास आतां वर्ष होईल. त्याच्या चार जाड तारा साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खालीं लावलेल्या असतात. तबल्याच्या जोडींत डग्ग्याचें जें काम, तेंच बहुतांशीं समूहवादनांत या वाद्याचें. तें वाजत असतां कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु बंद पडलें कीं सारें गाणें पोकळ वाटूं लागतें.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमींत नेमकें हेंच घडलें. वाजविणाऱ्या मुलाच्या बोटांस फोड येईपर्यंत त्यानें तारा ओढल्या, तरी दुसऱ्या बांकापलीकडे आवाज पोहोंचेना. एका दुकानदारानें वाद्य पाहून आंतील सर्व सामान बदलण्याचा सल्ला दिला व जो खर्च सांगितला, तो ऐकून मुलाचे वडील यावल तालुक्यांतून थेट शाळेंत आले. केळीच्या बागेंतला माणूस; फार बोलले नाहींत. “सर, पोराच्या हातांतच जोर नाहीं, कीं वाद्यच वाईट आहे, तेवढें एकदां सांगा,” इतकेंच म्हणाले. मुलगा खालीं मान घालून उभा होता. आपल्यास वाजवितांच येत नाहीं, असें त्यानें मनाशीं ठरवून टाकलें होतें.

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं या वाद्यांत ध्वनि कसा उत्पन्न होतो तें पाहिलें पाहिजे. आपल्या तुणतुण्याची तार छेडली कीं त्याच्या नळकांड्यास मढविलेलें चामडें थरथरतें आणि हवा हलवितें. बास गिटारीचें अंग बहुधा भरीव लाकडाचें असतें. अमेरिकेंत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं जी बास गिटार बाजारांत आणली, तिचेंही अंग असेंच भरीव होतें. असें लाकूड हवा फारशी हलवीत नाहीं. त्याऐवजीं तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. यास पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार हलली कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें व वेढ्यांत अत्यल्प वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखविलेलें हेंच तें तत्त्व. पुढें ही वीज आवाजाच्या खुंटींतून, केबलींतून ॲम्प्लिफायरमध्यें जाते, तेथें वाढते आणि शेवटीं स्पीकर हलविते.

धुळ्याकडील पांझरेच्या कांठची फड पद्धति पुष्कळांनीं पाहिली असेल. शेवटच्या शेतास पाणी पोहोंचलें नाहीं, तर पाटकरी नदीस दोष देत बसत नाहीं. तो पाटाच्या कडेनें चालत जातो व पाणी कोठें मुरतें तें पाहतो. आम्हींही तेंच करावयाचें ठरविलें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम घातला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कोणता होता तें कधींच कळत नाहीं.

प्रथम केबल. तिच्या टोकाशीं डाख सुटला, तर आवाज तुटतो अथवा खरखरतो. मुलाच्या गांवच्या बँजो पार्टींतील एकाची केबल मागून आणली. फरक पडला नाहीं. मग तारा. त्या पोलादी होत्या. (नायलॉनच्या तारा असत्या तर हें चुंबक मुकेंच राहिलें असतें!) जळगांवच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हां लाकूड वांकतें व तारांची उंची बदलते. तारा पिकअपपासून दूर गेल्या होत्या खऱ्या. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून तो किंचित् वर घेतला. फार वर घेऊं नये, कारण चुंबक तारेस ओढूं लागतो व सूर बिघडतो. आवाज थोडा सुधारला, पण थोडाच.

खरा चोर पाठीमागच्या लहान झांकणाखालीं होता. कांहीं बास गिटारींच्या पोटांतच एक छोटा वर्धक असतो व तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्यास वेगळें बटण बहुधा नसतें; केबल खोंचली कीं तो चालूं होतो. मुलानें सबंध सुटीभर केबल खोंचून ठेवली होती! मीटर लावून पाहतां बॅटरींत ५ व्होल्टही उरले नव्हते. नवी घातली आणि खोलीच्या खिडक्या घुमूं लागल्या.

तथापि सभागृहांत पुन्हां निराशा. तेथील ॲम्प्लिफायरवर बॅटरीच्या वाद्यांचा जोरकस संकेत मुद्दाम कमी करणारें एक बटण होतें आणि तें कोणीतरी दाबून ठेवलेलें. तें मोकळें केलें. ॲम्प्लिफायरचें पोट मात्र आम्हीं उघडलें नाहीं. वीज काढल्यावरही आंत प्राणघातक भार शिल्लक राहूं शकतो, म्हणून तेथें जाणत्या कारागिरावांचून कोणीं हात घालूं नये.

एवढें करूनही खर्ज मधल्या सुरांइतका मोठा वाटला नाहीं, तर नवल मानूं नये. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते, आणि आपला कान अशा मंद कंपनांस बराच बहिरा आहे. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं तें मोजून दाखविलें. यासाठींच बास गिटारीस मोठा स्पीकर व अधिक शक्ति लागते. घरीं सरावाच्या लहानशा पेटींतून तो गडगडाट निघावा कसा?

मुलाच्या वडिलांस मी जुनी बॅटरी हातांत दिली. त्यांनीं ती उलटसुलट करून पाहिली, खिशांत टाकली व मुलास म्हणाले, “म्हणजे हाताचा दोष नव्हता रे.” संमेलनाच्या रात्रीं ते शेवटच्या रांगेंत, दाराजवळ बसले होते. कार्यक्रम संपतांच मुलानें आधीं केबल उपटली आणि मगच तो खालीं उतरला.